ताईच्या बॅटरीची जोडणी

वस्तीत सगळे त्याला ‘अर्धाआटा’ म्हणायचे. कारण कुठलाही स्क्रू आवळून झाला, की हा पुन्हा पाना लावायचा आणि म्हणायचा, “अजून अर्धा आटा बसतोय.” छतावरची सोलर पॅनेलं, इन्व्हर्टर, बॅटऱ्या जोडून देणं हा त्याचा धंदा, आणि त्यात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. हे उगाच कौतुक म्हणून सांगत नाही. पुढे झालं ते एखाद्या धसमुसळ्याच्या हातून झालं असतं, तर इतकं लागलं नसतं.

त्याला वाढवलं थोरल्या बहिणीने. आई गेली तेव्हा ताई स्वतःच शाळकरी पोर. या दिवट्याने लहानपणी एकदा प्लगमध्ये केसांची पिन खुपसली होती. चिकटलेल्या भावाला ताईने लाकडी स्टुलाचा तडाखा देऊन सोडवलं आणि मग दोघांनी मिळून भोकाड पसरलं. पुढे तो वीजवाला झाला तेव्हा ती चिडवायची, “तुझं शिक्षण त्या पिनेपासूनच सुरू झालं, धाकट्या.”

मग ताईची फुप्फुसं गेली. सूतगिरणीत जन्म काढला, कापसाची धूळ आत साठत राहिली. आता तिच्या नाकात नळी आणि खाटेशेजारी हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं, दिवसभर घुरघुरणारं मशीन. वीज गेली की मशीन बंद, आणि मशीन बंद की ताईचे ओठ निळे. म्हणून धाकट्याने तिच्या घरी सोलर बसवलं.

आणि तिथेच माशी शिंकली. बॅटरीपासून इन्व्हर्टरपर्यंत जाते ती केबल अंगठ्याएवढी जाड, पण आत केसासारख्या बारीक तारा. टोक सोललं की त्या चहूकडे विस्कटतात. त्यांच्यावर तांब्याची लग चढवायची, म्हणजे एक जाड नळीच, आणि ती दाबयंत्रात घालून अशी चेपायची की नळी आणि तारा एकजीव होतात. परक्यांच्या घरी तो हेच करायचा आणि मोकळा व्हायचा. ताईकडे मात्र त्याचं मन भरेना. घरचं काम होतं ना! त्याने चारही टोकं, दोन बॅटरीकडची आणि दोन इन्व्हर्टरकडची, लग न चढवता वितळलेल्या सोल्डरने भरली, तारांचा टणक ठोकळा केला, तो स्क्रूच्या जाडजूड पितळी पकडीत बसवला, आणि वर अर्धा आटा दिला. दाजी बघतच राहिले. “हे आपल्यानंतरही टिकेल रे,” म्हणाले.

सोल्डर कसलं टिकतंय! मऊ धातू तो. स्क्रूच्या दाबाखाली हळूहळू पसरतो, पकड ढिली पडते, आणि ढिली जागा तापत जाते. हे त्याच्या कानावर आलं नव्हतं असं नाही. पण टणक दिसेल ते पक्कं, असं त्याच्या हातांना वाटायचं, आणि ताईच्या बाबतीत त्याने डोकं बाजूला ठेवून हातांचं ऐकलं.

वादळात वस्तीची वीज गेली ती आलीच नाही. ताई बॅटरीवरच होती. तशात सकाळी दाजींनी पाणी चढवायला पंपही त्याच बॅटरीवर चालवला. दुपारी त्यांचा फोन आला. “लवकर ये. इन्व्हर्टर बोंबलून बोंबलून बंद पडलाय, जळका वास सुटलाय. तिला ऑक्सिजनचा सिलिंडर लावलाय.”

तो धापा टाकत पोचला तेव्हा दाजी स्कूटर काढत होते. “दुसरा सिलिंडर मिळतो का बघतो. रस्त्यात झाडं पडलीत, कधी परत येईन सांगता येत नाही. तू आलास म्हणून जातोय,” ते म्हणाले आणि गेले.

सिलिंडरचा काटा लाल पट्ट्याला टेकला होता.

“आलास?” ताई म्हणाली. एवढ्यानेच तिला दम लागला.

“आलो. तू बोलू नकोस.”

त्याने फ्यूज काढला आणि बॅटरीचं झाकण उचललं. एका टोकाची पकड काळीठिक्कर, शेजारचं प्लास्टिक वितळून ओघळलेलं. त्याने स्क्रूला नुसतं बोट लावलं. तो फिरला! पान्याने दोन वेळा आवळलेला स्क्रू बोटाने फिरला. मेलो, असं तो स्वतःशीच म्हणाला.

त्याने टोक कापलं. आतलं तांबं काळं. अजून कापलं, तरी काळं. काळ्या तांब्यावर लग चेपून उपयोग नसतो. वीतभर कापल्यावर कुठे चकचकीत तार दिसली, आणि तेव्हा केबल बॅटरीपर्यंत पोचेना. नीटनेटकं दिसावं म्हणून त्याने ती बोटभरही जास्त ठेवली नव्हती. आता भोग! मागे सिलिंडरचा काटा पट्ट्याच्या आत सरकला होता.

त्याने भिंतीला पाठ लावली, दोन्ही पाय बॅटरीवर रोवले आणि जीव खाऊन रेटलं. जड धूड तसूभर हललं. पुन्हा रेटलं. कमरेतून कळ आली, तोंडातून शिवी निघाली.

“माझ्यासमोर शिव्या?” ताई पुटपुटली.

“बॅटरीला दिली गं.”

टोक पोचलं. लग चढवली, दाबयंत्रात घालून दांडा दाबला. चेपली, ओढून बघितली, बोल्ट आवळला, फ्यूज बसवला, बटण दाबलं. इन्व्हर्टरने क्षणभर काहीच केलं नाही. मग मशीन घुरघुरलं. त्याने ताईची नळी त्यावर लावली तेव्हा सिलिंडरचा काटा तळाला पडून होता.

ओठांचा रंग सावकाश परत आला. तो खाटेच्या पायथ्याशी टेकला आणि लहान मुलासारखा रडला.

“रडतोस काय वेड्या,” ती म्हणाली. “परका असता तर सामान आणतो म्हणून पळाला असता. म्हणूनच मी सगळ्यांना सांगते, माझ्या भावाने घरचं काम म्हणून केलंय सगळं.”

त्याने केबलकडे पाहिलं. एकच टोक बदललं होतं. बाकीची तीन तशीच होती, त्याच्या मायेने, सोल्डरने भरलेली. ती उघडायची तर मशीन बंद करायला हवं, आणि सिलिंडर रिकामा. दाजींचा फोन लागत नव्हता. केबलवरचा भार कमी व्हावा म्हणून त्याने फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, दिवा बंद केला आणि इन्व्हर्टरखाली जमिनीवर बसून केबल मुठीत धरली.

“तिथे काय बसलायस? इकडे ये ना जवळ,” ताई म्हणाली.

“इथे गार वाटतंय गं,” तो म्हणाला.

मुठीतली केबल कोमट लागायला लागली होती.