बाहुल्यांपुढची उसळ

म्हैसूरच्या सरस्वतीपुरमातल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीला पाळक, म्हणजे पाद्री, नाही. रविवारी दुपारी एका शाळेचा हॉल मिळतो. नोकरीनिमित्त इकडे आलेली नगर-सोलापूरकडची मोजकी घरं तिथे जमतात आणि प्रभुभोजनाची भाकर वडील मोडतात. वडील म्हणजे मंडळीचे पुढारी. आमचे वडील माझ्या नवऱ्यापेक्षा वयानं लहान आहेत, पण मान तो मान.

मागच्या दसऱ्यानंतर वडिलांना मंडळी शुद्ध करायची हुक्की आली. म्हैसूरला दसऱ्यात घरोघरी बाहुल्या मांडतात, त्यांच्यापुढे उसळीचा नैवेद्य दाखवतात आणि मग ती उसळ शेजारीपाजारी वाटतात. भाकरीचं ताट फिरवण्याआधी वडिलांनी विचारलं, "मूर्तीपुढचं कोणी खाल्लंय का?"

सगळे आपापल्या चपला बघायला लागले. कोणाकोणाकडे डबे भरून उसळ आली होती, मला काय ठाऊक नाही? हात वर केला तो फक्त माझ्या सासूबाईंनी.

"मी खाल्ली. खालच्या मजल्यावरच्या अज्जींनी आणली होती. दोनदा घेतली."

"आई, चुकलं म्हणा, म्हणजे झालं," वडील म्हणाले.

"चुकलं कसं? चांगली झाली होती की."

ताट त्यांना ओलांडून माझ्याकडे आलं.

त्यांना ते लागलं. सासरे गेले त्या महिन्यातसुद्धा त्यांनी भाकर चुकवली नव्हती. पुढच्या वेळीही ताट ओलांडून गेलं, तेव्हा मी माझ्यातला अर्धा तुकडा पदराखालून त्यांच्याकडे सरकवला. त्यांनी माझा हात मागे ढकलला. "चोरून नको गं. प्रभूच्या घरचं चोरून खाऊ होय?"

मला वडिलांचाही राग आला आणि सासूबाईंचाही. एक शब्द म्हणायला काय जात होतं?

उन्हाळ्यात बाथरूममध्ये पाय घसरून त्यांचा खुबा मोडला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. मी कामावर जायची, खालच्या अज्जी दिवसभर उशाशी बसायच्या. दोघींची भाषा एक नाही. अज्जी "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का विचारायच्या, सासूबाई "आयतु", झालं, म्हणायच्या. तेवढं एक कन्नड त्यांना येत होतं, म्हणून जेवल्या नसल्या तरी तेच म्हणायच्या. मग अज्जी ओळखून घास भरवायच्या.

डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत. सासूबाईंनी ते आमच्या तोंडावरून ओळखलं. म्हणाल्या, "जाण्याआधी भाकर मिळाली असती तर बरं झालं असतं."

मी वडिलांना फोन केला. मी चार शब्द सुनावणार होते, पण गोड बोलले. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आमच्यातही चालते.

वडील भाकरीची डबी आणि द्राक्षरसाची छोटी पेली घेऊन आले. "सलाम, आई," आमच्या रीतीप्रमाणे म्हणाले. अज्जी उशाशी होत्या. वडिलांनी त्यांच्याकडे दोनदा पाहिलं, पण उठा म्हणायचा धीर झाला नाही.

"आई, आता तरी चुकलं म्हणा."

"चुकलं, बाबा," सासूबाई लगेच म्हणाल्या.

इतके महिने ताठ राहिलेली बाई! त्या घटकेला वडिलांना जिन्यावरून खाली ढकलावंसं वाटलं, हे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, पण वाटलं.

वडिलांनी प्रार्थना केली आणि भाकर त्यांच्या हातावर ठेवली. सासूबाईंनी ती मोडली. अर्धी स्वतःच्या तोंडात घातली आणि अर्धी अज्जींच्या हातावर ठेवली.

"अहो आई, त्यांना नाही..." वडील म्हणेपर्यंत अज्जींनी तो तुकडा दोन्ही डोळ्यांना लावला होता. मग तोंडात टाकला, हात डोक्यावरून पुसला आणि वडिलांना वाकून नमस्कार केला.



"आता हिलाही विचारा," सासूबाई वडिलांना म्हणाल्या, "चुकलं म्हणते का."