दोन बाटल्या, एकच व्हिनेगर

कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं बाटल्या धुतल्या, भरल्या, त्यांवर लेबलं डकवली, म्हणून तिला सगळे बाटलीबाई म्हणत. त्याचं तिला काही नव्हतं. राग यायचा तो खालच्या मजल्यावरच्या भाषेच्या सरांचा. ते तिच्या हातचं पाणीसुद्धा पीत नसत. "कुठल्या ग्लासात काय असेल, नेम नाही." वरच्या रसायनवाल्या मॅडमची उलटीच तऱ्हा! ॲसिडच्या बाटल्यांशेजारी डबा उघडून निवांत जेवायच्या. टोकलं की म्हणायच्या, "मला माहितीये त्यात काय आहे ते."

एकदा स्टाफरूममधल्या किटलीत क्षारांचा पांढरा थर चढला. तो काढायला बाटलीबाईने वाण्याकडून व्हिनेगर आणलं आणि दोन कोऱ्या बाटल्यांत ओतलं. एकीवर लिहिलं 'व्हिनेगर', दुसरीवर 'ॲसिटिक ॲसिड, पाच टक्के'. दोन्ही खरंच. बाटल्या टेबलावर ठेवून ती साळसूदपणे काकडी चिरत बसली.

सर लेबल वाचून ताडकन उठले. "किटलीत ॲसिड? आमच्या जिवावर उठलात का, बाई?" त्यांनी दुसरी बाटली जवळ ओढली. "हे कसं, घरगुती."

"घरगुती म्हणजे किती टक्के?" मॅडम म्हणाल्या. "आकडा नाही, तर मी ते चमच्यालाही लावणार नाही."

दोघांची चांगलीच जुंपली. बाटलीबाईने दोन्ही बाटल्यांतलं थोडं थोडं काकडीवर शिंपडलं आणि एक फोड तोंडात टाकली.

सर पांढरेफटक पडले. "थुंका! थुंका आधी!"

"दोन्हींत एकच आहे, सर. वाण्याकडचं," ती चावता चावता म्हणाली.

मॅडम खो खो हसल्या, तशी ती त्यांच्याकडे वळली. "तुमच्या डब्याशेजारी असतो ना मॅडम, तो माल काही वाण्याकडचा नाही."

प्राचार्यांनी बोलावून तिला समज दिली. लेबलांशी खेळू नये, हे तिच्याइतकं कोणाला ठाऊक?

आठवड्याने सर इकडेतिकडे बघत जिना चढून वर आले. "बाई, एक विचारू? संडास धुताना मी ती फुलाच्या चित्राची बाटली आणि ब्लीच एकदमच ओततो. लख्ख निघतो. पण खोकला फार येतो हो."

बाटलीबाई ओरडलीच. "सर, विषारी वायू निघतो त्यातून! ॲसिडच आहे त्या बाटलीत. पुन्हा दोन्ही एकत्र करायचं नाही."

"पण ॲसिड लिहिलंय कुठे?"

"मागे, बारीक अक्षरात. वाचण्याचाच पगार घेता ना?"

दुसऱ्या दिवशी सर घरातल्या झाडून साऱ्या बाटल्या पिशवीत घालून हजर. तिने त्यांना स्टुलावर बसवून एकेक लेबल मोठ्याने वाचायला लावलं. सरांनी सगळी वाचली, आणि जाता जाता शुद्धलेखनाच्या अकरा चुका काढल्या.