दादांच्या इंजिनाजोगं विमान

कवळीवाल्याला आयुष्यात कुणी चिडका म्हटलं नव्हतं. दातांच्या डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे आणि हा त्यावरून कवळ्या करून द्यायचा. टोचते म्हणून कवळी परत आली की निमूटपणे घासून द्यायचा, पुन्हा आली की पुन्हा घासायचा. असा हा थंड डोक्याचा माणूस. पण त्या वर्षी मुठीत मावणाऱ्या एका इंजिनाने त्याला असं काही वेठीला धरलं की बायको म्हणाली, "हल्ली तुम्ही झोपेत दात खाता. धंदा घरी आणू नका."

इंजिन थोरल्या भावाने बनवलं होतं. दादा म्हणजे जन्मभर लेथपुढे उभा राहिलेला टर्नर. लग्नबिग्न केलं नाही, धाकट्याच्याच घरी मागच्या खोलीत राहायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी त्या खोलीत एक छोटा लेथ मांडला आणि मॉडेलच्या विमानाला बसेल असं दीड सीसीचं इंजिन कातायला घेतलं. विकतचा एकही भाग नको, स्क्रूसुद्धा घरचा. ते पुरं होत आलं आणि नेमके डोळे बिघडले. डॉक्टरांनी सांगितलं, नजर मधोमध विरत जाणार, गेलेली परत यायची नाही. दादा दवाखान्यातून घरी आले, चपला काढल्या आणि धाकट्याला म्हणाले, "मला हे उडालेलं बघायचंय. डोळे आहेत तोवर. विमानाचं तू बघ."

विमानाचं तू बघ! जसं काही दूध संपलंय, येताना घेऊन ये.

मॉडेलच्या दुकानात भिंतभर खोकी होती आणि प्रत्येक खोक्यावर कोणतं इंजिन लागेल ते छापलेलं होतं. यात काय अवघड, असं म्हणून कवळीवाल्याने दीड सीसीचं किट उचललं. जेवायच्या टेबलावर हलक्या लाकडाच्या पट्ट्या, डिंक आणि टाचण्या पसरल्या. घरातली माणसं ताटं मांडीवर घेऊन जेवू लागली. विमान झालंही सुबक. मग त्याने नाकावर दादांचं इंजिन बसवलं आणि विमानाने टेबलावर नाक टेकलं. शेपटीला शिसं बांधलं, तेव्हा ते समतोल झालं, पण आता ते उचलताना मनगटाला जाणवू लागलं.

घोटाळा त्याच्या तेव्हा लक्षात आला. बाजारातली इंजिनं अॅल्युमिनियमची असतात. दादांच्या लेखी अॅल्युमिनियम हा भांड्यांचा धातू! त्यांनी सगळं पोलादात आणि पितळेत कातलं होतं, भिंती जाडजूड ठेवल्या होत्या, पुढच्या पिढ्यांनी वापरावं असं. त्यामुळे इंजिनाची ताकद लहान आणि वजन थोराड. वजनाजोगं विमान घ्यावं तर ते इंजिनाला ओढवणार नाही, ताकदीजोगं घ्यावं तर त्याला इंजिनाचं वजन पेलवणार नाही. खोक्यावर छापणाऱ्यांना असला भाऊ नव्हता.

"थोडं बाहेरून घासू का?" त्याने दादांना भीत भीत विचारलं. "माझ्याकडे बारीक हत्यारं आहेत. कळणारसुद्धा नाही."

"माझ्या इंजिनाला हत्यार लावलंस तर याद राख," दादा म्हणाले. "विमानच फुसकं आणलंयस तू. मोठं आण. चांगलं लांबरुंद."

तो दुकानात गेला. दुकानदाराने सगळं ऐकून घेतलं आणि हसून म्हणाला, "मोठं विमान हवंय ना? न्या की. फक्त इंजिन मोठं घ्या."

"इंजिन बदलायचं नाहीये."

"मग बॅटरीची मोटर लावा, काका. आवाज नाही, वास नाही, धूर नाही."

"भाऊ नाही," कवळीवाला पुटपुटला.

तरी दादांच्या शब्दाखातर त्याने मोठं किट नेलं. पुन्हा टेबल, पुन्हा मांडीवर ताटं. पंख इतके लांब झाले की दारातून विमान तिरकं करून न्यावं लागलं. दादा खुश! सारखे पंखावरून हात फिरवायचे. गावाबाहेरच्या मैदानावर इंजिन सुरू केलं, ते पहिल्या झटक्यात सुरू झालं, आणि विमान गवतातून असं रांगत निघालं की कुत्रंसुद्धा भुंकायच्या फंदात पडलं नाही. काही केल्या चाकं जमीन सोडेनात.

"इंजिन तर मस्त चालतंय," दादा म्हणाले.

"इंजिन चालतंय, दादा! विमानही चालतंच आहे! उडत नाहीये!"

मैदानावर तो एवढ्या जोरात ओरडला की त्याचं त्यालाच नवल वाटलं. त्याचा राग दादांवर होता, दुकानदारावर होता, आणि सगळ्यात जास्त दिवसांवर होता. दादा आता चहाचा कप उचलण्याआधी टेबलावर बोटं सरकवत न्यायचे. वेळ निघून चालली होती आणि हा खोकी बदलत बसला होता.

पुढच्या खेपेला त्याने दुकानदाराला बोलूच दिलं नाही. जबडा वाकडा असला म्हणून गिऱ्हाइकाला दुसरा जबडा आणायला सांगता येत नाही, आहे त्यावरच कवळी बसवावी लागते. तसाच तो शिडीवर चढला आणि एकेक खोकं उघडून बघू लागला. नाक आखूड, शेपूट लांब, म्हणजे शिसं नको. पंख आखूड पण रुंद आणि जाड. चाकं नकोतच, हातातून सोडू. असं एक किट सापडलं. विमान दोन्ही तळहातांवर मावेल एवढं. उडवणाऱ्याच्या हाती मूठ, मुठीला दोन बारीक तारा, आणि तारांच्या टोकाला ते गोल गोल फिरणार.

दादांनी खोक्यातला पंख हातात घेतला. "हे? हे चिलट?"

"चिलट तर चिलट. उडेल."

"मला मोठं हवंय. किती वेळा सांगू?"

"मोठं कशाला? लोकांनी बघावं म्हणून? उडणारं हवंय की मिरवायला हवंय, ते एकदा ठरव!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि तशीच आत गेली. दादांनी पंख खोक्यात ठेवला, झाकण चाचपून नीट लावलं आणि ते आपल्या खोलीत गेले. सकाळी चहाला आले तेव्हा म्हणाले, "घे तुला हवं ते. तेच बनव."

"जिंकलात एकदाचे," बायको हळूच म्हणाली. आणि खरं सांगायचं तर कवळीवाल्यालाही तसंच वाटलं. हट्टी माणसाला नमवल्याचा त्याला आनंद झाला होता.

मैदानावर वारा पडलेला होता. दादा कडेला उभे राहिले. बायकोने विमान डोक्यावर धरलं, पदर खोचला आणि म्हणाली, "माझी बोटं कापली तर स्वयंपाक तुमच्याकडे." इंजिन तडतडलं, मग त्याचा एकसुरी आवाज लागला. तिने विमान सोडलं. ते क्षणभर खाली झुकलं आणि वर उठलं.

उठलं! तारा ताणल्या, मूठ हाताला ओढू लागली, आणि मधोमध उभा राहून कवळीवाला गरगर फिरू लागला. मैदान, झाडं, बायको, दादा, पुन्हा मैदान. दर फेरीला दादा दिसायचे, मान वर, आवाजाबरोबर वळणारी. इंधन संपेतो ते फिरलं आणि गवतात अलगद बसलं. कवळीवाल्याला चक्कर आली होती, तरी तो विमान उचलून झोकांड्या खात दादांकडे धावला.

"पाहिलंस? दादा, पाहिलंस ना?"

"ऐकलं," दादा म्हणाले. "एकदासुद्धा अडखळलं नाही. फार छान."

"आणि विमान?"

दादांनी हात पुढे केला, पण तो विमानाच्या बाजूने गेला. बायकोने मनगट धरून त्यांचा हात पंखावर ठेवला.

"मधलं सगळं गेलंय रे आता," ते म्हणाले. "कडेकडेचं तेवढं दिसतं. मोठं असतं तर पंखाची टोकं तरी दिसली असती."

कवळीवाल्याला चिडायची इतकी सवय झाली होती की तो आताही चिडला. "मग सांगायचं नाहीस? नुसतं मोठं हवं, मोठं हवं! कशाला हवं ते एकदा तोंडाने सांगितलं असतंस तर?"

"सांगितलं असतं तर तू मोठंच बनवलं असतंस," दादा म्हणाले. "आणि ते उडालं नसतं."