आमची हरित समिती

ऑफिसातला कचरा रोज सकाळी घंटागाडीत जातो. किस्से मात्र कुठलीच गाडी नेत नाही, ते साचत राहतात. आमच्याकडं ते जास्तच साचले, कारण दोन वर्षांपूर्वी आम्ही ऑफिस पर्यावरणपूरक करायला घेतलं.

आमचं ऑफिस छत्रपती संभाजीनगरातलं, मशीनच्या भागांची ड्रॉइंग्ज करून देणारं. एका परदेशी ग्राहकानं विचारलं, ‘पर्यावरणासाठी तुम्ही काय करता?’ मालक जोशी सरांना उत्तर सुचेना. त्यांनी तिघांची हरित समिती केली : स्वतः सर, ड्रॉइंग विभागाचे शेखभाई आणि ॲडमिन बघणारी मी.

*

पहिला ठराव कागदाचा. एका बाजूनं वापरलेला कागद दुसऱ्या बाजूनंही वापरायचा.

महिनाभरानं पुण्याच्या एका ग्राहकाचा सरांना फोन आला. आम्ही पाठवलेल्या ड्रॉइंगच्या मागच्या बाजूला सरांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘हे गृहस्थ उगाच चुका काढतात.’

सर माफी मागायला लागले. ते गृहस्थ शांतपणे म्हणाले, “कागद वाचवताय, चांगलं आहे. पण चुका मी उगाच काढत नाही. या ड्रॉइंगमध्येही दोन आहेत.”

खरंच दोन होत्या.

*

मग कागदी कप बंद केले. शेखभाईंच्या भावाचं शहागंजला भांड्यांचं दुकान. तिथून चिनी मातीचे कप आले. प्रत्येकाच्या कपावर नाव. आम्ही फोटो काढून परदेशी ग्राहकाला पाठवला.

काही आठवड्यांनी काळेमामांनी चहा पुढं केला तेव्हा माझं लक्ष त्यांच्या बोटांकडं गेलं. मामा आमच्या ऑफिसात चहापाण्याचं आणि झाडलोटीचं बघतात. बोटांची सालं निघाली होती.

“मामा, हे काय झालं?”

“काय नाय ताई. साबणानं होतं. पयले कप फेकायचे होते, आता दिवसभर धुवायचे हायत.”

आम्ही तिघांनी इतक्या मीटिंगा घेतल्या, पण कप धुणार कोण, हा प्रश्न एकदाही कुणी काढला नव्हता. मला फार लाज वाटली. पुढच्या मीटिंगमध्ये मी ते सांगितलं. सर उठले, स्वतःचा कप घेऊन बेसिनपाशी गेले. साबण कुठं असतो ते त्यांना मामांना विचारावं लागलं.

*

पाण्याचा नियम मात्र समितीनं केला नाही, मामांनीच सुरू केला. पाहुण्यांना ते अर्धाच ग्लास द्यायचे. मुंबईहून आलेल्या एका साहेबांनी ग्लासाकडं बघून विचारलं, “इथं पाणीसुद्धा अर्धं देता का?”

मामा म्हणाले, “पुन्हा मागा सायेब, पुन्हा देतो. पर उरलेलं मोरीत जातं. आमच्या शहरात नळ रोज येत नाय.”

साहेबांनी तो ग्लास संपवला आणि दुसरा मागितला. तोही अर्धाच.

*

गच्चीवर सोलर बसवायचं ठरलं. बसवणारा इंजिनिअर म्हणाला, “आवारातल्या कडुनिंबाची सावली पॅनेलवर पडते. झाड काढावं लागेल.”

सर दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी झाड तोडणारे आले, तर शेखभाईंची गाडी बुंध्याला खेटून उभी. शेखभाई आत बसलेले.

“शेखभाई, गाडी काढा ना,” सर म्हणाले.

“सर, मेरी गाड़ी को छाँव होना. बाकी पर्यावरण का आप देख लो.”

पॅनेल कमी बसली. कडुनिंब आहे.

*

यंदा उन्हाळ्यात त्याच परदेशी ग्राहकाकडून एक फॉर्म आला. प्रत्येक कर्मचाऱ्यामुळं वातावरणात किती धूर जातो, ते त्यावरून मोजायचं होतं. मामांचा फॉर्म मी भरला.

“ऑफिसला कसं येता?”

“बिडकीनवरून यष्टीनं.”

“विमानप्रवास?”

मामा नुसते हसले.

“घरात एसी?”

“नाय.”

सगळ्या ऑफिसात मामांचा आकडा सर्वांत कमी आला. सरांना मनापासून आनंद झाला. त्यांनी सगळ्यांना हॉलमध्ये बोलावलं, मामांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, “मामा, आम्हाला सांगा, तुम्ही हे कसं जमवलं?”

मामांनी शाल सावरली.

“म्या काय जमवलं नाय सायेब. पत्र्याची खोली हाय. सून बाळंतीण हाय. उकाड्यानं लेकराच्या अंगावर पुरळ उठलंय, दिवसभर रडतंय. पोरगा म्हणतो, एसी घेऊ. म्या त्याला म्हणलं, सायबाला इचारतो, त्याह्यला यातलं लई कळतं.” त्यांनी सरांकडं पाहिलं. “घेऊ का नको?”

शेखभाई जमिनीकडं बघत होते.

“घ्या मामा,” सर हळूच म्हणाले. “आजच घ्या.”

मामांनी मान हलवली. खांद्यावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि सरांच्या समोर टेबलावर ठेवली.

“मंग ही दुसऱ्या कुणाला द्या.”