मीच लिहवून घेतलेला सिक्का

माझी नात बायकांची डॉक्टर आहे. गेल्या रविवारी ती माझ्या पलंगावर पाय पसरून बसली आणि म्हणाली, "आजी, आमच्या हॉस्पिटलात हृदयवाल्याला माझ्या दुप्पट मिळतात. हाडवाल्यालासुद्धा जास्त. दिवाळीला ताटावरून उठून पळायचं मी, आणि पॅकेज त्यांचं मोठं!"

"मग मागितलंस?"

"मागितलं. बघू म्हणाले."

"ते बघतायत, आणि तू बसलीस त्यांच्याकडं बघत."

तिला राग आला. येऊ दे. तिला टोमणा मारायचा हक्क मी याच गावात, निजामाच्या अमलात कमावलाय. कारण स्वतःचा पगार कमी व्हावा म्हणून हट्ट धरणारी डॉक्टरीण मराठवाड्यानं तोवर पाहिली नसेल. ती मी.

मी पुण्याकडची. औरंगाबादला एका जहागीरदार साहेबांच्या धर्मादायातून छोटा दवाखाना चालायचा. तिथं पुरुषांकडं एक हाडांचे डॉक्टर होते, बायकांकडं कोणीच नव्हतं. मी अर्ज केला आणि आले. नुकती परीक्षा पास झालेली, तेव्हा अक्कल सोडून सगळं माझ्याकडं होतं. टांग्यात बसतानाच मी छाती तपासायची नळी गळ्यात अडकवली, रस्त्यानं लोकांना कळावं म्हणून. टांगेवाल्यानं वळून वळून पाहिलं आणि शेवटी विचारलंच, "बाई, साप धरता व्हय?"

दवाखान्यात मुन्शीजी नेमणुकीचा कागद उर्दूत लिहीत बसले होते. मला उर्दूचं अक्षर कळत नव्हतं, पण कळतं असा चेहरा मला उत्तम जमायचा. माहवार सत्तर रुपये, असं त्यांनी वाचून दाखवलं. हाडवाल्यांनाही सत्तरच आहेत, हे मी आधी विचारून ठेवलं होतं. मी खूश. मग मुन्शीजींनी टाक थांबवला आणि अदबीनं विचारलं, "बाई, सिक्का लिख दूँ?"

मला वाटलं, शिक्का! हे लोक बाईमाणूस बघून बिनशिक्क्याचा कागद हातावर ठेवताहेत! मी ताडकन उठले. "सिक्का तो होना ही चाहिए! बगैर सिक्के का कागज मैं नहीं लेगी!"

मुन्शीजींनी दोन क्षण माझ्याकडं पाहिलं, मग मान घालून लिहिलं. खाली दवाखान्याचा शिक्काही उमटवला. लढाई जिंकल्यासारखी मी तो कागद छातीशी धरून बाहेर पडले आणि आईला लिहिलं, 'इथं बायका-पुरुष डॉक्टर समान आहेत. थोडं मला भांडावं लागलं.'

पहिला पगार झाला. आईला मनीऑर्डर करायला मी इंग्रजांच्या पोस्टात गेले आणि खिडकीत चाळीस रुपये सरकवले. कारकुनानं ते परत सरकवले.

"बाई, हे हाली हायेत. पुण्याला कलदार लागत्यात."

"म्हणजे?"

त्यानं माझ्या मागच्या माणसाकडं पाहून डोळे फिरवले आणि मला पोरीसारखं समजावलं. निजामाच्या राज्यात दोन रुपये चालतात. इंग्रजांचा तो कलदार. निजामाचा तो हाली, कागदावर त्याला म्हणायचं सिक्का. हाली हलका. सत्तर हाली मोजले तर साठ कलदार हातात येतात.

माझ्या डोक्यात मुन्शीजींचा थांबलेला टाक लख्ख दिसला.

तशीच दवाखान्यात आले. हाडवाले एका गृहस्थाच्या मनगटाला पट्टी बांधत होते. मी विचारलं, "तुमचा पगार कलदार की हाली?"

"कलदार," ते म्हणाले.

"आणि माझा हाली आहे हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"तुम्ही कधी विचारलं नाहीत." आणि पट्टीची गाठ मारली.

जहागीरदार साहेब फार सभ्य. मी गेले तर उठून उभे राहिले, सरबत मागवलं. सगळं ऐकून हसू मिशीत लपवत म्हणाले, "डॉक्टर साहिबा, सिक्का तो आपही ने लिखवाया."

"चूक झाली. आता खोडा."

मग त्यांनी माझी समजूत घातली. हाड मोडणं ही आफत. बाळंतपण तर कुदरती. दाया ते एका लुगड्यावर करतात, तरी आपण सत्तर देतो.

"साहेब, हाड मोडलं तर एक माणूस लंगडतो. माझ्या हातून चुकलं तर दोन जातात. पहिल्या तारखेला कलदार नाही मिळाले तर मी पुण्याला परत जाते."

बोलून तर बसले. बाहेर येऊन पुढचा विचार केला. घरी परत गेले असते तर वडिलांनी महिन्याच्या आत लग्न उरकलं असतं, आणि ती नळी माळ्यावर गेली असती. सत्तर-साठाचा हिशेब वरवरचा होता. मी डॉक्टर राहते की नाही, हा खरा सवाल होता.

तारखेला चार दिवस असताना साहेबांच्या हवेलीतून सकाळीच गाडी आली. सून अडली होती. बाळ पायाळू. साहेबांनी हाडवाल्यांनाही बोलावून ठेवलं होतं, पण पडद्याच्या आत त्यांना कोण येऊ देणार? ते दिवाणखान्यात नानकटाई खात बसले. आत मी, ती पोरगी आणि साहेबांची म्हातारी आई. पगाराचा विचार त्या सहा-सात तासांत एकदाही शिवला नाही, हे मात्र मी स्वतःची थट्टा न करता लिहिते. दुपार कलताना बाळ रडलं. आईही शाबूत.

"पोता के पोती?" म्हातारीनं विचारलं.

"पोती."

मोलकरीण तबक घेऊन उभी होती. त्यात दोन बटवे, एक मखमली, एक साधा. घराण्याचा रिवाज असा, की नातू झाला तर मखमली बटव्यातले कलदार, नात झाली तर साध्यातले हाली. तिनं साधा पुढं केला. मी हात मागं घेतला.

"काइकू गे डॉक्टरनी? नको बोलती?"

"अम्माजान, पायाळू बाळ मुलगा असो की मुलगी, मेहनत तेवढीच. आणि हाली मी आधीच पुष्कळ घेतलेत." मग तो सिक्क्याचा किस्सा मी तिला सगळा सांगितला, नळीसकट, टांगेवाल्यासकट. म्हातारी इतकी हसली की तोंडातलं पान सांडलं. मग हसू पुसून तिनं लेकाला दारावरच्या पडद्यापाशी, चिलमनपाशी बोलावलं.

"क्यों रे, तेरा पाँव टूटा तो कलदार, और तू पैदा हुआ सो हाली?"

"अम्माजान, वो तो दवाखाने का..."

"मैं पूछी सो बोल. तू हाली है क्या?"

चिलमनपलीकडून, दिवाणखान्यातून, फक्त नानकटाई मोडल्याचा आवाज आला. म्हातारीनं मखमली बटवा उचलून स्वतःच्या हातानं माझ्या ओंजळीत ठेवला. मी तो घेतला. नको-नको म्हणायचं वय माझं त्याच दिवशी संपलं.

पहिल्या तारखेला मुन्शीजींनी नवा कागद काढला. सत्तर लिहून टाक थांबवला.

"सिक्का मत लिखिए," मी म्हणाले. "मोठ्या अक्षरात कलदार लिहा. आणि मला एकेक अक्षर बोट ठेवून दाखवा." त्यांनी दाखवलं. उर्दू मी तिथून शिकायला लागले. पहिला शब्द अर्थातच कलदार.

हे ऐकून नात हसली, पण तिचा राग काही गेला नाही. हे बरं झालं. मी तिला म्हटलं, "तुझा नेमणुकीचा कागद आण. हे पॅकेज पॅकेज तू म्हणतेस ना, त्याच्या पोटात कुठंतरी एक सिक्का दडलेला असणार. तो आपण शोधू. मग मी येते तुझ्याबरोबर तुझ्या साहेबांकडं."

"आजी, तू? तिथं? काय बोलशील?"

"विचारीन, बाबा रे, तू हाली आहेस का?"

ती उद्या येतेय कागद घेऊन. मी चष्मा पुसून ठेवलाय.