मीटर गुणिले पाच

भोपाळच्या आमच्या आकडेवारीच्या ऑफिसात किस्से आपोआप साठत जातात, लोकसंख्येसारखे. फरक एवढाच की किस्से आम्हाला नेमके माहीत असतात. मागच्या जनगणनेला माझी मुलगी बालवाडीत होती, आता कॉलेजात आहे. मधल्या वर्षांत शहर किती वाढलं, हे सांगायचं काम माझं. हसत सांगतो खरा, पण यातले बरेचसे किस्से घरी सांगायची हिंमत झालेली नाही.

*

नवा होतो तेव्हा आमच्या बोरकर साहेबांना विचारलं, "सर, या वॉर्डाचा आकडा काढू कसा?"

"मागचा घे, थोडा वाढव. फक्त गोल ठेवू नकोस. गोल आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही."

मी शेवटी सदतीस जोडले.

दोन वर्षांनी दुसऱ्या खात्याचा जाडजूड रिपोर्ट आला. त्यात माझे सदतीस दिमाखात बसलेले. साहेब खूश. "बघ, त्यांचाही तोच आला. आता खात्रीचा झाला!" पुढच्या वर्षी आम्ही तो रिपोर्टच आधार म्हणून दाखवला.

*

मग पद्धत सुधारली. विजेचे मीटर मोजायचे आणि पाचाने गुणायचं. अरेरा कॉलनीत तपासणीला गेलो, तर बंगल्यात एक मराठी आजी एकट्याच. म्हटलं, "आजी, आमच्या हिशेबाने इथे पाच जण राहतात."

"राहू दे पाचच. तेवढंच घर भरल्यासारखं वाटतं."

मी खरंच राहू दिले.

*

कोटऱ्याकडे नाल्याकाठी एक वस्ती आहे. अख्ख्या वस्तीत मीटर एकच, बाकीच्यांनी त्याच्यावरूनच वायर ओढलेली. म्हणजे आमच्या कागदावर वस्ती पाच जणांची. पाण्याचा टँकर मंजूर होतो तो आमच्या आकड्यावर, आणि पाच जणांना टँकर कोण देतं? बायका मेन रोड ओलांडून हंडे आणायच्या. तक्रार आली तेव्हा साहेब म्हणाले, "जाऊन ये. पण आकडा आता बदलणार नाही, शुक्रवारीच वर गेलाय."

खाली सही माझी होती.

गेलो, तर वस्तीच्या तोंडाशी रांग. म्हातारे, मजूर, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. एक बाई पुढे आली.

"साहब, आज कोई काम पे नहीं गया. सबको रोक के रखा है, कोई छूटना नहीं चाहिए."

खरं सांगून टाकायला हवं होतं.

"आप गिनो," ती म्हणाली.

मी वही उघडली आणि मोजायला लागलो.