पोचा पडलेला डबा

बसवंतच्या उजव्या हाताची मूठ पूर्ण मिटत नाही. तरुणपणी ती कुणाच्या तरी जबड्यावर बसली, तेव्हा जबडाही मोडला आणि मूठही. जबडा कुणाचा होता ते आता त्याला आठवत नाही. पण त्याच हाताने तो डीव्हीडी उचलतो तेव्हा बघत राहावं. मधल्या भोकात एक बोट, कडेला अंगठा, आणि चकचकीत बाजूला कुणाचा श्वासही लागू द्यायचा नाही.

घराणं बंगळूरचंच. पूर्वज कधीतरी लष्कराबरोबर घोड्यावर बसून आले आणि इथेच राहिले, असं घरात सांगायचे. घोडा गेला, तलवार गेली, मराठी तेवढी राहिली, तीही कन्नडात भिजलेली. वडील गिरणीत होते आणि त्यांचा हात सैल होता. हाताशी सायकलची चेन असायची. शाळेत शर्ट काढायची वेळ आली की बसवंतचं पोट दुखायला लागायचं. मिसरूड फुटल्यावर एके दिवशी त्याने ती चेन वडिलांच्या हातातून ओढून घेतली आणि अंगणातल्या नळावर त्यांचं डोकं आपटलं. एकदा नाही, आई मध्ये पडेपर्यंत. त्यानंतर त्या घरात मार बंद झाला आणि बोलणंही.

शिक्षण बेताचं, अंग मात्र दांडगं. एका पबच्या दारावर नोकरी लागली. लोकांना हसून आत सोडायचं आणि न हसता बाहेर काढायचं, एवढंच काम. दुपारच्या एका पार्टीत दोन टोळकी भिडली. एकाने बाटली फोडली आणि काचा घेऊन तो गाणी लावणाऱ्या पोराकडे धावला. बसवंत मध्ये गेला. काच बरगड्यांत शिरली, तरी त्याने त्या माणसाचे केस सोडले नाहीत. त्याला तसाच जिन्यावरून खाली ओढत नेला, पायरीगणिक त्याचं डोकं वाजत होतं. खाली पोचल्यावर दोघंही शेजारी शेजारी पडले, आणि रस्त्यावरचे लोक कुणाचं रक्त कुठलं ते शोधत उभे राहिले.

गाणी लावणारा पोरगा इस्पितळात भेटायला आला, तो फळं न आणता एक पत्र्याचा डबा घेऊन. आत अमेरिकेतल्या कुठल्याशा हिप-हॉप गटाच्या व्हिडिओंच्या डीव्हीडी होत्या, स्पेशल एडिशन.

टाके काढल्यावर बसवंतने त्यातली पहिली डिस्क शेजाऱ्याकडे लावून बघितली. शब्द कळले नाहीत. पण मारामारी कळली. रिकाम्या पोहण्याच्या तलावात दहाजण एकाला तुडवत होते, तो उठत नव्हता, आणि ठेका थांबत नव्हता. ते बघताना बसवंतच्या बरगड्या दुखायला लागल्या. मग दुसरी डिस्क. तिच्यात हे सगळं कसं चित्रित केलं ते दाखवलं होतं. तीच मारामारी, तोच माणूस तळाला पडलेला. कुणीतरी ओरडलं, ठेका थांबला, आणि तो माणूस उठला. तोंडावरचा लाल रंग टॉवेलने पुसला. ज्याने सगळ्यात जास्त लाथा घातल्या होत्या त्याने त्याला कागदी कपातली कॉफी दिली. दोघं हसले.

बसवंतने ते उठणं कितीदा बघितलं कुणास ठाऊक. मार खाल्लेला माणूस तोंड पुसून हसत उठतो, असं त्याने जन्मात बघितलं नव्हतं.

म्हणून तो स्पेशल एडिशनच जमवतो. साध्या डीव्हीडीत नुसता मार असतो, उठणं असतं ते स्पेशल एडिशनच्या दुसऱ्या डिस्कमध्ये. पुढे लग्न झालं, सिद्धी झाली, पब सुटला, महादेवपुऱ्याच्या एका आयटी पार्कात सुरक्षा पर्यवेक्षक म्हणून दिवसपाळी मिळाली. पण जुनी पुस्तकं आणि डिस्क विकणाऱ्या दुकानांच्या फेऱ्या सुटल्या नाहीत. बायको संपदा म्हणायची, दुसऱ्यांचे नवरे दारू पितात, माझा डबे पुसतो, त्यातल्या त्यात बरं. सिद्धी लहानपणी बापाच्या शेजारी बसून डबे तपासायला शिकली. खिडकीतल्या तिरप्या उन्हात डबा धरायचा, अंगठा कडांवरून फिरवायचा, डोळ्याला जे दिसत नाही ते बोटाला लागतं.

अद्वैतला घरात आणला तो बसवंतनेच. पुण्याचा मुलगा, आयटीत मोठ्या हुद्द्यावर, सर्जापूर रोडला फ्लॅट. जुन्या डिस्कच्या दुकानात एकाच डब्यावर दोघांचा हात पडला आणि ओळख झाली. डबे जमवणाऱ्यांच्या त्या वर्तुळात सगळे बसवंतला अण्णा म्हणत, तोही म्हणायला लागला. सिद्धीशी लग्न झाल्यावरही अण्णाच म्हणत राहिला. कन्नडात अण्णा म्हणजे थोरला भाऊ, जावयाने सासऱ्याला भाऊ म्हणायचं ही कुठली तऱ्हा, असं संपदाने एकदा विचारलं. बसवंतला त्यात उलट अभिमानच होता. दर रविवारी सासरे-जावई डब्यांची देवाणघेवाण करत. देताना आणि घेताना दोघांनी मिळून डबा उन्हात तपासायचा, जुन्या मऊ धोतराच्या तुकड्यात बांधायचा, हा त्यांचा रिवाज. मुलगी मधूनमधून लांब हाताचे कपडे घालते, कमी बोलते, हे संपदाने बोलून दाखवलं होतं. बसवंत म्हणाला होता, संसार आहे, स्वल्प कमीजास्त असायचंच.

मग एका रविवारी अद्वैत आलाच नाही. काम आहे म्हणाला, आणि डबा घरपोच सामान नेणाऱ्या पोऱ्याबरोबर पाठवला. डबा तोच, इस्पितळात मिळालेला पहिला. धोतराच्या तुकड्यातली गाठ सिद्धीच्या हातची होती. बसवंतने ती सोडली आणि त्याच्या डोक्यात रक्त चढलं. झाकणाच्या अगदी मधोमध पोचा होता, वाटीएवढा.

त्याने फोन लावला. अद्वैतने घेतला. सिद्धीच्या हातून पडला म्हणाला, तिला किती वेळा सांगितलं, पण लक्षच नसतं. बसवंतने सिद्धीला मागितलं. पोरीशी कधी चढ्या आवाजात न बोललेला माणूस त्या दिवशी असा ओरडला की संपदा स्वयंपाकघरातून पळत आली. तुला शिकवलं ते मातीत गेलं, तुझ्या हातात काही देण्याची सोय नाही, असं बरंच. पलीकडून सिद्धी इतकंच म्हणाली, "चुकलं, अप्पा. तुम्ही एकदा उन्हात धरून नीट बघा ना."

बघायचं काय त्यात, म्हणून त्याने फोन ठेवला आणि डबा कपाटात भिंतीकडे तोंड करून ठेवून दिला.

पुढच्या रविवारी राग उतरला. पोचा काढून बघावा म्हणून तो खिडकीशी बसला. पत्र्याचा पोचा काढायचा तर आतून कापड लावून चमच्याच्या पाठीने हळूहळू दाबत यावं लागतं, आणि त्यासाठी आधी मार कुठून कुठे बसला ते बघावं लागतं. त्याने डबा उन्हात तिरका धरला.

पडलेला डबा कोपऱ्यावर बसतो. चारही कोपरे शाबूत होते. फरशी लागली की रंग खरवडला जातो. पोच्यावर एक ओरखडा नव्हता. म्हणजे जे लागलं ते पत्र्यापेक्षा मऊ होतं आणि गोल होतं. खोलगट भाग एका बाजूला उथळ होत गेला होता, जसा कपाळापासून भुवईकडे उतार असतो तसा. त्याने अंगठा त्यात ठेवला आणि झटका बसल्यासारखा काढला. बिजागरीच्या खाचेत तपकिरी रेघ होती. गेल्या रविवारी त्याला तो गंज वाटला होता. त्याने कापूस ओला करून फिरवला. कापसाला जे लागलं ते त्याने आयुष्यभर शर्टांवरून धुतलं होतं.

संपदाला त्याने काही सांगितलं नाही. डबा परत बांधला आणि खाली येऊन रिक्षा केली. सर्जापूर रोडला गाड्या जागच्या हलत नव्हत्या. रिक्षावाला त्याच्याकडे आरशातून एकदा बघून पुन्हा बघेना.

दार अद्वैतने उघडलं. "अण्णा? कळवायचं ना. आम्ही जरा बिझी होतो."

सिद्धी सोफ्यावर होती. उठली नाही. केस कपाळावर ओढून घेतलेले, वरचा ओठ फाटलेला, आणि डावं मनगट सुजून पावासारखं झालेलं, ते तिने मांडीवर परक्याची वस्तू ठेवावी तसं ठेवलं होतं. बसवंतने एकदाच बघितलं. मग तो डब्याची गाठ सोडत बसला.

"कशावर पडला म्हणालास?"

"फरशीवर. सांगितलं ना त्या दिवशी. मी दुसरा शोधतोय नेटवर, डोन्ट वरी."

"फरशीवर पडल्यावर रंग राहतो काय रे?"

अद्वैतच्या लक्षात यायला क्षणभर लागला. त्याने वळून बायकोला विचारलं, "काय सांगितलंस तू ह्यांना?" आणि तिचं तेच मनगट धरून तिला वर ओढलं.

सिद्धीच्या तोंडून जो आवाज निघाला तो माणसाचा नव्हता.

बसवंतने पहिला ठोसा पोटात मारला, दारावरचा माणूस मारतो तसा, श्वास आधी काढून घ्यायला. अद्वैत दुमडला, पण हातात आलेला जड स्पीकर त्याने फिरवला, आणि बसवंतचा कान फाटला. डोक्यात शिट्टी वाजायला लागली. त्याने अद्वैतला काचेच्या कपाटावर फेकला. कपाट दोघांच्या अंगावर आलं. डबे, डिस्क, काचा सगळं एकत्र झालं. अद्वैत रांगत सिद्धीच्या पायाकडे जायला लागला तेव्हा बसवंतने त्याच्या पाठीत गुडघा रोवला, हात मागे पिळला, आणि खांदा सांध्यातून निघाल्याचा आवाज येईपर्यंत पिळत राहिला. अद्वैत किंचाळला. गालाखाली काचा होत्या, तोंड दाबलं की त्या आत जात होत्या. बसवंतने त्याचे केस धरले आणि डोकं वर उचललं. नळावर वडिलांचं उचललं होतं तसंच. न मिटणाऱ्या बोटांना ही पकड मात्र बरोबर आठवत होती. एकदा आपटलं. फरशीवर दात पडला. पुन्हा उचललं.

"अप्पा," सिद्धी म्हणाली. ती ओरडली नाही. "आता मारलंत तर सगळे तुम्हालाच बघतील. डबा कुणी बघणार नाही."

हात वरच राहिला. अद्वैतच्या नाकातून रक्त काचांवर पडत होतं आणि ते पुसून कुणी उठणार नव्हतं. बसवंतने केस सोडले.

सिद्धीने डबा उजव्या हाताने उचलला. कडेने धरून, पोच्याला बोट न लावता, धोतराच्या तुकड्यात ठेवला. गाठ मारता येईना. ती बापाने मारली, आणि त्याच्या बोटांचं रक्त कापडाच्या बाहेरच्या बाजूला लागलं.

रिक्षात ती म्हणाली, "माझा फोन तो स्वतःजवळ ठेवायचा. बोलायचं तर समोर बसून, स्पीकरवर. म्हणून पाठवायला डबा बांध असं तो म्हणाला तेव्हा मी मुद्दाम तोच घेतला. पोचा वर येईल असा बांधला, उघडल्या उघडल्या दिसावा म्हणून."

"दिसला."

"हो. आणि तुम्ही माझ्यावर ओरडलात."

बसवंतने तिच्या मनगटाकडे बघितलं. ती म्हणाली, "हे त्यानंतरचं आहे. तुझा बापसुद्धा डब्याचंच बघतो, असं म्हणाला आणि मोडलं."

बसवंतच्या कानातून रक्त मानेवर उतरत होतं, ते पुसण्याच्या निमित्ताने त्याने तोंड बाहेर केलं. खूप पुढे गेल्यावर म्हणाला, "मी बघायला शिकवलं तुला. मलाच नाही बघता आलं." सिद्धीने त्याचा हात धरला नाही. पण खड्डा आला तेव्हा मनगट सांभाळायला ती त्याच्या बाजूला कलली आणि तशीच राहिली.

आधी इस्पितळ, मग पोलीस ठाणं. महिला पोलीस अधिकाऱ्याने कन्नडात सगळं शांतपणे विचारलं. तिने हेही सांगून टाकलं, की जावई तक्रार देणार, तुमच्यावरही गुन्हा नोंदवावा लागेल, नोकरीच्या ठिकाणी कळेल. बसवंत सरी, ठीक आहे, म्हणाला. जे केलं ते केलं, लिहून घ्या म्हणाला. सुरक्षा पर्यवेक्षकाची नोकरी त्या महिन्याअखेर गेलीच.

त्या दिवशी मग अधिकाऱ्याने डबा मागितला. पुरावा म्हणून जमा करावा लागेल, खटला संपेपर्यंत परत मिळायचा नाही, कदाचित मिळणारही नाही. बसवंतने गाठ सोडून तो टेबलावर ठेवला. डबा तुमचाच ना, असं तिने विचारलं.

"तो आता हिचा," बसवंत म्हणाला.

सिद्धीने कपाळावरचे केस बाजूला केले. भुवईच्या वर पिवळी-काळी गाठ होती. अधिकाऱ्याने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा झाकणाकडे, आणि आणखी काही विचारलं नाही. डबा सीलबंद करायला कापड आणि लाख आणायला शिपायाला पाठवलं. तो येईपर्यंत अधिकाऱ्याने डबा सहज उचलला, चहाच्या बशीतलं बिस्कीट खाल्लेल्या हाताने, अंगठा चांगला झाकणावर दाबून.

बसवंतचं तोंड उघडलं. इतक्या वर्षांची सवय. ते उघडलं, तसंच क्षणभर राहिलं, आणि त्याने ते मिटून घेतलं.

सिद्धी बघत होती. फाटलेला ओठ ताणला गेला आणि तिला कळ आली, पण ती हसलीच.